पद्माक्काच्या चुलीवरची मऊवडी

शुक्रवार, श्रावण शुद्ध द्वादशी, शके १८७५

मड्डम काल गेली, अमेरिकेला. कायमची. मी अकरा वर्षं तिच्या बंगल्यावर राबले. आधी भांडी, मग भाजी चिरणं, आणि शेवटची चार वर्षं चुलीपर्यंत मजल. जाताना ती रडली. मी रडले नाही. मला अजून तिचं सामान आवरायचं होतं.

तीन वस्तू दिल्या मला. एक ही वही. दुसरं अंडी फेटायचं चाकाचं यंत्र. तिसरा पत्र्याचा डबा, त्यात काचेसारखी पातळ पानं. नाताळात ती या पानांची पांढरी मऊ मिठाई करायची. तिचं नाव मार्शमेलो. मी मऊवडी म्हणते.

वही देताना म्हणाली, "बनाबाई, रोज लिहा, नाहीतर अक्षर विसराल." अक्षरं तिनंच शिकवली, पन्नाशीत. मी बाराखडी गिरवायला बसले की खानसामा तोंडावर फडकं धरून हसायचा. रोज लिहायला मी काय तलाठी आहे? काही घडलं तर लिहीन.

रविवार, श्रावण शुद्ध चतुर्दशी

आज मऊवडी केली. मड्डमच्या हाताखाली दहा वेळा केली असेल, पण घरच्या चुलीवर पहिल्यांदा.

पानं गार पाण्यात भिजत घालायची. फुगून गिळगिळीत होतात. तिकडे साखरेचा पाक. थेंब पाण्यात टाकून बोटानं दाबला की मऊ गोळी झाली पाहिजे. मग तो उकळता पाक पानांवर ओतायचा आणि फेटायचं. हाताचा पिट्टा पडेपर्यंत फेटायचं. आधी पाणचट दिसतं, मग दुधासारखं, मग साबणाच्या फेसासारखं, आणि शेवटी पिंजलेल्या कापसासारखं. ताटाला अरारूट आणि पिठीसाखर लावून त्यात ओतायचं, पाच-सहा तास हात लावायचा नाही, मग ओल्या सुरीनं वड्या पाडायच्या.

पानं भिजली होती तेव्हा सून आत आली. विमला मास्तरीण आहे, तिला सगळ्यातलं कळतं. म्हणाली, "आत्याबाई, मामंजी सरस तापवायचे ना, तसाच वास येतोय."

म्हटलं, "मड्डमच्या डब्याला सरस म्हणतीस? तुझ्या उचगावात असला डबा बघितला हुतास का कधी?"

आमचे हे पुस्तकं बांधायचे. घरातच सरसाचं डबडं चुलीवर रटरटत असायचं, मीच ढवळायची, तीस वर्षं. तो वास मला नवा नाही. वास आला, पण अगदीच जरासा. सरस कातड्याचा असतो. हे तसलं नसणार. येशूची प्रार्थना करून जेवणारी बाई सरस कशाला खाईल? केवड्याचे चार थेंब घातले, वास गेला.

नात सुलूनं सात वड्या खाल्ल्या. हंबीररावानं एक तोंडात टाकली आणि म्हणाला, "आई, काय चावायला लागतच न्हाय." माझ्या मुलाला चावायला लागलं नाही म्हणजे त्याला जेवल्यासारखं वाटत नाही.

चावायला लागत नाही हे मात्र त्यानं बरोबर हेरलं. माझ्या डोक्यात तेव्हापासून पद्माक्का आहे.

मंगळवार, श्रावण वद्य प्रतिपदा

पद्माक्का मगदूम म्हणजे आमची भिंतीला भिंत. जैन आहे. तिचा नवरा गेला, मुलगा जयसिंगपुरात तंबाखूच्या पेढीवर, ती इथं एकटी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सगळे दात गेलेत. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी तीनदा गाळून, कांदा नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काही नाही. मऊ भात आणि वरण चुरून खाते. दुसरं काय खाणार?

तीस वर्षं आम्ही एकमेकींच्या दारात बसतोय. माझी दोन बाळंतपणं तिनं काढली. तिचा नवरा गेला तेव्हा सुतकात तिच्या दारात पाणी मी भरलं, पण ते तिनं पुन्हा गाळून घेतलं. माझ्या घरचा एक घास, पाण्याचा एक घोट तिनं आजवर घेतलेला नाही. आमच्यात मटण शिजतं ना. भांडण नाही, तंटा नाही. मटणाचा वास आला की ती खिडकी लावून घेते आणि दुसऱ्या दिवशी उघडते, इतकंच.

आणि मला ते इतकी वर्षं टोचतंय, हे आज पहिल्यांदा लिहिते.

मऊवडीचं ताट घेऊन गेले. म्हटलं, "बघ, अंडं न्हाय, दूध न्हाय, साखर नि पाणी. दात लागत न्हाईत."

तिनं बघितलं, वास घेतला, आणि म्हणाली, "दिसतंय ग्वाड. पर तुज्या घरात झालंय न्हवं?"

"मग तुज्या घरात करू."

हसली. तोंडात एक दात नाही आणि हसते कशी तोंडभर! ताट परत आणलं. सुलूनं संपवलं.

गुरुवार, श्रावण वद्य तृतीया

पद्माक्काच मागून म्हणाली, "माज्या चुलीवर करायची तर कर. पर हात माजा. तू उंबऱ्याभाईर बसून सांग."

तिच्या अटी: पाणी तिचं गाळलेलं, साखर तिच्या डब्यातली. यंत्र नको, त्यानं अंडी फेटलीत. नवी लाकडी रवी आणायची. गुलाबी रंगासाठी बीट म्हटलं तर म्हणाली, "जमिनीखालचं." मग जास्वंद ठरली. रात्र उलटलेलं ती खात नाही, म्हणून पहाटे लावायचं आणि दिवस मावळायच्या आत संपवायचं.

मग तिनं डब्यातलं एक पान काढून उजेडाला धरलं. "हे कशाचं?"

मी म्हटलं, "समिंदरातलं गवत. चायना ग्रास म्हंत्यात."

मड्डमकडे चायना ग्रास होतं, ते खोटं नाही. वेगळ्या डब्यात असायचं, पांढऱ्या दोऱ्यांसारखं. पण दोन्ही पाण्यात विरघळतात, दोन्ही घट्ट होतात. एकाच जातीचं असणार. मला काय ठाऊक!

"गवत म्हंजे चालंल," ती म्हणाली.

शुक्रवार, श्रावण वद्य चतुर्थी

पद्माक्कानं खाल्लं.

पहाटे अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसून तिच्या उंबऱ्याबाहेर बसले. आत ती चुलीपुढं. मी सांगायची, ती करायची. पाकाची गोळी तिनं बोटात धरली आणि ओरडली, "अगं अव्वा, भाजलं की!" म्हटलं, "गार पाण्यात टाकून बघायचं म्हटलं हुतं, तोंडात न्हवं बोटात न्हवं." रवीनं फेटताना दोनदा दम लागून थांबली, पण रवी मला दिली नाही. केवडा तिनंच घातला, सढळ हातानं.

दुपारी वड्या पाडल्या. एक तिनं तोंडात ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडेना. मला वाटलं बिघडलं काय! मग म्हणाली, "बनाबाई, तोंडात काय हाय असं वाटतच न्हाय, नुसता वास नि गोडी."

दुसरी खाल्ली. तिसरी खाल्ली.

घरी येताना मी गल्लीत तिघी-चौघींना सांगितलं. आपण होऊन सांगितलं. धोंडुबाईला तर दारातून हाक मारून सांगितलं, की पद्माक्कानं माझ्या हातचं खाल्लं. माझ्या हातचं नव्हतं, तिच्याच हातचं होतं. पण मी माझ्या हातचं म्हणाले.

गुरुवार, श्रावण वद्य दशमी

सहा दिवसांत तीनदा झाली. जास्वंदीची गुलाबी, वेलदोड्याची, संत्र्याच्या सालीची. केवड्याचीच तिला आवडते. परवा तिच्या मुलाचा माणूस आला होता, त्याच्याबरोबर जयसिंगपूरलाही एक डबा धाडला तिनं. म्हणाली, "आमच्या शेजारणीचं गवत हाय म्हणून सांग."

डब्यातली पानं संपत आली.

शनिवार, श्रावण वद्य द्वादशी

पानं आणायला औषधाच्या दुकानात गेले. दत्तोपंत म्हणून म्हातारा कंपाउंडर आहे तिथं. मी डब्यातलं उरलेलं एक पान त्याच्यापुढं ठेवलं.

"जिलेटिन," तो म्हणाला. "आहे. फोटोवाले नेतात. तुम्हांला कशाला?"

"खायाला."

चष्म्यावरून बघितलं माझ्याकडं. "बरं. तुम्हांला चालतं म्हणा."

"का चालतं?"

"अहो, गुरांची हाडं-कातडी उकळून काढतात हे. आमच्या घरात मी आणतसुद्धा नाही." भला माणूस, हळू बोलला, दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "ठाऊक हाय मला. बांधा दोन पुड्या."

असं का म्हटलं? त्याच्यासमोर अडाणी दिसू नये म्हणून म्हटलं. घरी येताना वाटेत सारखं तेच कानात, ठाऊक हाय मला, ठाऊक हाय मला. पुड्या कमरेला खोचल्यात. अजून काढल्या नाहीत.

सोमवार, श्रावण वद्य चतुर्दशी

काल सांगायला गेले होते. ती बस्तीतून, म्हणजे त्यांच्या देवळातून, नुकतीच आली होती. चातुर्मासाला महाराज आलेत तिथं, रोज प्रवचन असतं. मला बघून म्हणाली, "महाराज आज म्हणाले, जिवाला न दुखवता जगणं म्हंजे वाटेवर बघून पाय टाकणं." आणि अंगणातली मुंग्यांची रांग ओलांडून ती माझ्याकडं आली.

मी तिला घरातलं काय चाललंय ते सांगितलं. हंबीररावाचा गुडघा. सुलूचा खोकला.

हे कुणालाही सांगायचं तर सोपं नाही. तिनं खाल्लंय, पाच-सहा वेळा. सांगून काय बाहेर काढायचं? पोटात गेलं ते गेलं. आता करायचं नाही, एवढं बस. पानं संपली म्हणेन. प्रश्नच मिटला.

शनिवार, भाद्रपद शुद्ध चतुर्थी

हंबीररावानं गणपती आणला. नैवेद्य झाला, आरती झाली. तरी आज जे लिहायचंय ते गणपतीचं नाही.

सकाळी पद्माक्काची हाक आली. गेले तर चूल पेटलेली, साखर मोजून ठेवलेली, रवी घासून ठेवलेली.

"उद्यापास्नं माजं पर्व. धा दिवस एकदाच जेवायचं, ग्वाड बंद. आज एकडाव करूया की."

पानं संपली, असं म्हणायचं होतं. दोन शब्द. घरून निघताना पाठ करून निघाले होते.

तिनं उंबऱ्याच्या आतून हात पुढं केला. पानं घ्यायला. तळहात वर. तीस वर्षांत तिनं माझ्यापुढं असा हात कधी पसरला नव्हता, घ्यायला तर नाहीच. मी कमरेची पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

हे मी ठाऊक असताना केलं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला माझ्याशीच काही वेगळं सांगता येणार नाही.

तिनं केली, दुपारी खाल्ली. मीही खाल्ली एक. ती म्हणाली, "तुजं तोंड का असं?" म्हटलं, "दाढ दुखतीया."

बुधवार, भाद्रपद शुद्ध अष्टमी

पद्माक्का एकवेळ जेवते. उठताना भिंतीला हात लावते. सकाळी पाणी गाळून झालं की फडकं उलटं करून, त्यात काही जीव अडकला असेल तर तो हळूच परत आडाच्या पाण्यात सोडते. मी खिडकीतून बघते. आधी हे बघून मी हसायची. "पद्माक्का, त्यो जीव तुजा कोण लागतो?" असं विचारायची. आता खिडकीशी जात नाही.

घरात आठ दिवस मटण आणू दिलं नाही. हंबीरराव म्हणतो, "आई, तू जैन झालीस का काय?" विमला काही बोलत नाही. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

गुरुवार, भाद्रपद वद्य प्रतिपदा

आज त्यांची क्षमेची वाणी. पर्व संपलं की पुनवेच्या दुसऱ्या दिवशी जैन माणसं घरोघर जातात आणि वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. लहान-थोर, आपला-परका बघत नाहीत. पद्माक्का दरसाल माझ्याही दारात येते. तीस वर्षं. मी दरसाल चेष्टा करते. "माफ केलं, आता पुढल्या सालच्या चुका कर," असं काहीतरी. ती हसून जाते.

आज आली. पांढरं लुगडं, वाळून काडी झालेली. दारात उभी राहिली, दोन्ही हात जोडले.

"बनाबाई, वरसभरात माज्याकडनं कळून, न कळून तुजं मन दुखावलं असंल, तर मला क्षमा कर."

माझ्या तोंडातून चेष्टा निघाली नाही. विमला स्वयंपाकघरातून बघत होती.

मी म्हटलं, "केली."

पद्माक्का थोडी थांबली. त्यांच्यात समोरच्यानंही म्हणायचं असतं, मलाही क्षमा कर. मला ठाऊक आहे, तीस वर्षं ऐकलंय. ती तेवढ्यासाठीच थांबली होती. मग म्हणाली, "दाढ बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

गेली. आणि मी तिला क्षमा केली. मी! तिला!

शनिवार, भाद्रपद वद्य तृतीया

आज सांगितलं. अर्धंच.

ती तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्याबाहेर बसले. म्हटलं, "पद्माक्का, ती पानं गवताची न्हाईत."

"मग?"

"हाडांची. कातड्याची. गुरांच्या." आणि लगेच म्हटलं, "मला काल कळलं. औषधाच्या दुकानात."

काल! तीन आठवडे झाले त्याला. जीभ आपण होऊन काल म्हणाली. माझी जीभ गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, धारेची म्हणून. आज पहिल्यांदा मला तिची किळस आली.

पद्माक्कानं सूप खाली ठेवलं. ओरडली नाही. आपल्या हातांकडं बघितलं, आत-बाहेर. मग म्हणाली, "जयसिंगपूरला बी धाडली म्या."

ते मी विसरलेच होते.

उठली, आत गेली. कोपऱ्यातली पहार घेतली आणि चूल फोडली. मातीची चूल, तिच्या सासूनं घातलेली, वर्षानुवर्षं सारवून दगडासारखी झालेली. तीन घाव घालावे लागले. मी पहार घ्यायला उठले तर म्हणाली, "आत येऊ नकोस." मग थोड्या वेळानं, "घरी जा तू. तुजा काय दोष?"

सोमवार, भाद्रपद वद्य पंचमी

काल ती बस्तीत गेली. महाराजांना सगळं सांगितलं. तीन उपवास, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर, आणि वर्षभर गोड बंद. भांडी राखेनं घासून जाळावर धरली. मुलाला पत्र लिहिलं, तेही मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय, शेजारणीला ठाऊक नव्हतं, तिला दोष देऊ नये.

आज नळावर बायका जमल्या. धोंडुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बनाबाईनं मुद्दाम भरवलं असंल. हातचं खात न्हाय म्हणून डाव साधला असंल!"

मी तोंड उघडणार होते. कशाला, हे ठाऊक नाही. तेवढ्यात पद्माक्का बोलली. दुसरा उपवास तिचा, उचललेली घागर परत खाली ठेवली.

"काय तरी बोलू नकोस, धोंडुबाई. तिला बिचारीला काय ठाऊक! कळल्याबरुबर पळत आली सांगायला."

पळत आली. मी घागर अर्धीच भरून घरी आले.

विमलानं विचारलं, "आत्याबाई, त्यांना सगळं सांगितलंत का?" सगळं म्हणाली. मी म्हटलं, "तू तुज्या पोरांच्या वह्या तपास." तिनं वह्या तपासायला घेतल्या, पण एक पान उलटेना.

मंगळवार, भाद्रपद वद्य षष्ठी

सकाळी गेले. पद्माक्का नवी चूल घालत होती. तिसरा उपवास, उद्या पारणं, म्हणून चूल वाळायला हवी होती. हात कोपरापर्यंत चिखलात. मी अंगणातच उभी राहिले, बसले नाही.

म्हटलं, "काल न्हवतं कळलं मला."

"काय?"

"ती पानं कशाची ते. काल न्हाय. गणपतीच्या आधी आठवडाभर कळलं."

ती माती थापत राहिली. मनात दिवस मोजत असावी. मग हात थांबले. "मग चवथीला केली ती?"

"व्हय."

"म्या हात पुढं केला तवा?"

"व्हय."

इथं थांबता आलं असतं. एवढ्यानंही भागलं असतं. पण अर्धं सांगून काय होतं ते नळावर बघितलं होतं.

म्हटलं, "त्याच्या बी आधी. पैल्या दिवशीच. आमच्या ह्यांचा सरस तीस वर्षं उकळलाय म्या, त्यो वास मला कळत न्हाय व्हय? कळला हुता. विमला बी म्हणाली हुती. आन् तुला गवत म्हणून सांगितलं."

पद्माक्कानं मान वर केली. रागावली असती तर मला सोसलं असतं. तिच्या तोंडावर राग नव्हता, तिला काही उमगत नव्हतं. "कशाला गं?"

काय सांगणार! तीस वर्षं मनात केवढं मोठं होतं ते. तोंडातून निघालं तेव्हा पोरकट वाटलं. "तू माज्या घरचं कायबी खात न्हाईस म्हणून."

"त्येवढ्यासाठी?"

"त्येवढ्यासाठी."

चुलीच्या एका कडेला तडा गेला होता. ती बोटानं बुजवत बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "जे न कळता खाल्लं त्याचं मी फेडतीया. जे कळून दिलंस ते तुजं तू बघ."

बरोबर आहे. मी वळले. अंगणाच्या दारापर्यंत गेले.

"थांब," ती म्हणाली.

थांबले.

"महाराजांना म्या सगळं सांगितलं. कितीदा खाल्लं, कुणाकुणाला दिलं. आता एक मात्र सांगवत न्हाय." तिचा आवाज इतका बारीक झाला की मला दोन पावलं परत यावं लागलं. "काल दुपारी डोळा लागला. दुसरा उपास. आन् तोंडाला पाणी सुटलं, बनाबाई. केवड्याच्या वडीचं. कशाची हाय त्ये ठाऊक झाल्यावर सुटलं."

चौसष्ट वर्षांची बाई, हातून काही फुटलेल्या पोरासारखी बघत होती माझ्याकडं. हात चिखलाचे म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

तिनं पोटातलं उपवासानं धुतलं, चुलीतलं पहारीनं काढलं. तोंडातली ही चव मी ठेवली तिथं, ती काढायला माझ्याकडं काही नाही, तिच्या महाराजांकडं असेल तर असेल. आणि तिला तर ते सांगायचीही लाज वाटते. माझ्या वाट्याची लाज तिला वाटते.

मी पदरानं तिचे डोळे पुसायला हात पुढं केला. तिनं मान मागं घेतली. मग म्हणाली, "न्हाय, राहू दे. धुतलेला न्हाय तुजा पदर."

"न्हाय," मी म्हटलं.

"कुणाला सांगू नकोस हे."

"न्हाय सांगत."

ती परत चुलीकडं वळली. कडा गोल करून घेतल्या, तव्याची बैठक बघितली, ओल्या हातानं सगळीकडून फिरवलं. मी उभीच. जा म्हणाली नव्हती, बस म्हणाली नव्हती.

शेवटी म्हणाली, "आता जा. आन् उद्या येऊ नकोस. पारणं हाय, मला एकटीला जेवायचंय."

"परवा?"

"परवाचं परवा बघू."

घरी आले. विमलाला म्हटलं, सगळं सांगितलं. तिनं मान हलवली आणि मला चहा दिला. तिनंच केला होता, मी मागितला नव्हता. पिववला नाही.

परवा गुरुवार आहे.